बाटली कधी उघडली, ते विचारा

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही नुकतेच एका मोठ्या शहरात राहायला आलो. मला वाइन आवडते, पण त्यातलं फारसं कळत नाही. मिस्टर अजिबात घेत नाहीत, मात्र खाण्याचे शौकीन आहेत. इंटरनेटवरच्या ‘इथं गेलंच पाहिजे’ छापाच्या याद्या बघून तीन ठिकाणी जाऊन आलो. एका ठिकाणी रेड वाइन चक्क कोमट होती. दुसऱ्या ठिकाणी वाइनला कसलासा शिळा, आंबूस वास येत होता. तो तसाच असेल असं समजून मी गप्प बसले. तिसऱ्या ठिकाणी वेटर यादी देऊन डोक्यावर उभाच राहिला, तेव्हा घाईघाईत पहिलंच नाव सांगून मोकळी झाले. बिल मात्र तिन्हीकडे भरपूर! थाटामाटाची जागा नको. निवांत बसता येईल, खाणं चांगलं असेल आणि वाइन धड मिळेल, अशी ठिकाणं ओळखायची कशी?

उत्तर : तुम्ही गप्प बसलात तो वास ‘तसाच’ नसतो. ती बाटली बहुधा बरेच दिवस उघडी होती. कोमट रेड हाही निष्काळजीपणाच. उघडलेल्या बाटलीची निगा कशी राखतात, यावरून वाइन बारची पारख फार लवकर होते, म्हणून आधी त्याबद्दलच सविस्तर लिहितो. ठरावीक नावांची यादी देत नाही, कारण अशा छोट्या जागा दोन-तीन माणसांच्या जिवावर चालतात. स्वयंपाकी बदलला किंवा वाइन निवडणारा माणूस सोडून गेला की पाटी तीच राहते आणि आतला माल बदलतो. गेल्या वर्षीची यादी या वर्षी कामाची असेलच असं नाही.

वाइनची बाटली ७५० मिलिलिटरची असते. एका ग्लासात १५० मिलि ओतली तर पाच ग्लास होतात, १२५ मिलि ओतली तर सहा. आता वीस खुर्च्यांची एक जागा धरा, जिथं संध्याकाळभरात साधारण चाळीस ग्लास वाइन विकली जाते. तिच्या यादीत ग्लासने मिळणाऱ्या चाळीस वाइन असतील, तर चाळीस बाटल्या उघड्या, म्हणजे दोनशे ग्लास. त्या संपायला सरासरी पाच दिवस लागणार. शिवाय सगळ्या सारख्या खपत नाहीत. लोकप्रिय नावं एका रात्रीत संपतात आणि वेगळ्या धाटणीच्या दहा-पंधरा बाटल्या आठवडा-आठवडा पडून राहतात. याच जागेत ग्लासने फक्त दहा वाइन असतील, तर सव्वा दिवसात सगळा माल फिरतो. म्हणून लहान जागेत ग्लासची यादी लांबलचक दिसली की खूश होण्याआधी एक विचारून घ्यावं : उघडलेल्या बाटल्या कशा ठेवता?

याची चांगली उत्तरं दोन-तीनच आहेत. काही ठिकाणी काचेच्या कपाटात बाटल्या उभ्या असतात आणि नळीतून वाइन येते. आतल्या मोकळ्या जागेत नायट्रोजन किंवा आर्गॉन वायू भरलेला असतो, म्हणजे वाइनला हवा लागत नाही. काहींकडे कोराव्हिन असतं. २०१३ साली बाजारात आलेल्या या उपकरणाची बारीक सुई बूच न काढता आत जाते, आर्गॉन सोडते आणि तेवढीच वाइन बाहेर घेते. अशी बाटली बरेच आठवडे टिकते. तिसरं उत्तर साधं आहे आणि तेही चालतं : ‘रोज मोजक्याच उघडतो, रात्री बूच लावून सगळ्या फ्रिजमध्ये, रेडसुद्धा.’ फक्त बूच लावून बाटली काउंटरवर ठेवून देतात असं कळलं, तर तिथं ग्लासने मागवताना जपून.

उघडी बाटली बिघडते ती हवेतल्या ऑक्सिजनमुळे. पहिल्या दिवशी थोडी हवा लागणं चांगलंच, वास मोकळा होतो. पुढं मात्र अल्कोहोलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होऊ लागतं आणि कापून ठेवलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदासारखा वास येतो. फळाचा ताजेपणा जातो, व्हाइट पिवळसर-तपकिरी दिसू लागते. त्याच्याही पुढं गेलं तर व्हिनेगर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा झोंबणारा वास. तुमचा ‘शिळा, आंबूस’ यातलाच असणार. नीट बूच लावून फ्रिजमध्ये ठेवलेली व्हाइट किंवा रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, तीन ते पाच दिवस चांगली राहते, रेड दोन ते चार. फसफसणारी, म्हणजे स्पार्कलिंग, खास घट्ट झाकण लावलं तरी दुसऱ्या दिवसापर्यंतच खरी. ग्लासने स्पार्कलिंग मागवली आणि बुडबुड्यांची धार दिसलीच नाही, तर बहुधा बाटली जुनी आहे किंवा ग्लासला साबणाचा अंश राहिला आहे. दोन्ही चुका त्यांच्याच.

म्हणून गेल्या गेल्या यादी बाजूला ठेवून विचारा : ‘आज उघडलेल्या कोणत्या आहेत?’ चांगल्या बारमधला माणूस या प्रश्नाने खुलतो, दोन-तीन नावं सांगतो, बऱ्याचदा घोटभर चवीला ओतूनही देतो. ‘सगळ्याच ताज्या आहेत’ असं उडवून लावलं, तर बाटलीबंद वाइन घ्या किंवा तिथं फक्त खाऊन निघा. आमच्या मते जागा तपासायला एवढा एक प्रश्न बास आहे.

आता तुमची कोमट रेड. ‘रेड खोलीच्या तापमानाला प्यावी’ हे वाक्य थंड, जाड भिंतींच्या खोल्यांमधलं आहे. ती खोली फार तर १६ ते १८ अंशांची. गजबजलेल्या बारमध्ये, स्वयंपाकघराला लागून असलेल्या फळीवर बाटली २५ अंशांच्या वर सहज जाते. तेव्हा अल्कोहोल नाकात चढतं, फळाची चव बसते आणि वाइन जड, ढिली लागते. अंगाने भरलेली रेड १६-१८ अंश, गामे किंवा हलकी पिनो न्वार या द्राक्षांसारखी रेड १२-१४, बहुतेक व्हाइट ८-१२ आणि स्पार्कलिंग ६-८, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. रेड कोमट आली तर ‘बाटली दहा मिनिटं बर्फात ठेवता का?’ असं सांगण्यात काहीच वावगं नाही. बादलीत बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं हवं. नुसता बर्फ बाटलीला जेमतेम चार ठिकाणी टेकतो, पाणी सगळीकडून भिडतं, म्हणून पाणी घातलं की बाटली भराभर गार होते. तेवढ्या वेळात एक छोटी व्हाइट घ्यावी. उलट व्हाइट इतकी थंड आली की वासच लागत नाही, तर ग्लासचा फुगीर भाग दोन्ही तळव्यांत पाच मिनिटं धरून बसा.

बसायच्या आधी बाटल्या कुठं ठेवल्यात तेवढं नजरेखालून घाला. कॉफी मशीनच्या डोक्यावर किंवा उन्हाच्या खिडकीत मांडलेल्या असतील, तर मांडणी कितीही देखणी असो, माल भाजून निघतोय. उन्हाने, त्यातही बिनरंगी काचेच्या बाटलीतल्या वाइनला, उकडलेल्या कोबीसारखा वास येतो.

यादी कशी वाचायची? प्रत्येक नावापुढं बनवणाऱ्याचं नाव, प्रदेश आणि द्राक्षं तोडली ते साल असेल, तर निवडणाऱ्याने लक्ष घातलेलं आहे. नुसतं ‘हाउस रेड’, ‘हाउस व्हाइट’ असेल तर कुठली, कुठल्या सालची ते विचारा. त्यात कमीपणा नाही. किती मिलि ओततात हेही लिहिलेलं असावं. नसेल तर विचारूनच घ्या, कारण दोन बारमधल्या ग्लासच्या किमतीची तुलना १२५ आणि १७५ मिलि समोर ठेवल्याशिवाय होतच नाही. बऱ्याच ठिकाणी चार ग्लासची किंमत एका बाटलीएवढी असते, म्हणजे बाटली घेतली तर पाचवा ग्लास फुकट पडतो. पण तुमच्या घरात पिणाऱ्या तुम्ही एकट्या. तुम्हाला बाटली कधीच परवडायची नाही. ३७५ मिलिची अर्धी बाटली आहे का, २५० मिलिचा कॅराफ, म्हणजे काचेचा चंबू, देतात का, हे बघा. काही ठिकाणी ६०-७५ मिलिचा छोटा माप मिळतो. नवखेपणी तोच सगळ्यांत चांगला, एका संध्याकाळी तीन वेगळ्या चवी कळतात.

महागड्या प्रदेशांची नावं बघून घाबरायचं कारण नाही, आणि त्यांच्या मागंही लागू नका. फ्रान्समधल्या शांपेन, बर्गंडी, बोर्दो यांच्या किमतीत नावाचे पैसे असतात. त्याच पैशात कमी गाजलेल्या भागातली फार चांगली बाटली येते. फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या मुखाजवळची म्युस्काडे, स्पेनच्या गॅलिसियातली अल्बारिन्यो, ऑस्ट्रियाची ग्रूनर व्हेल्टलिनर, ग्रीसमधल्या सँतोरिनी बेटावरची अस्सिर्तिको, या सगळ्या कोरड्या, म्हणजे गोडवा नसलेल्या, तरतरीत आंबट व्हाइट. रेडमध्ये फ्रान्सच्याच बोजोले भागातली गामे. यांतलं काही ग्लासने ठेवणारा माणूस स्वतः चाखून माल निवडतो असं समजायला हरकत नाही.

वेटर डोक्यावर उभा राहतो तेव्हा सांगायला तीन गोष्टी तयार ठेवा. पहिली, हलकी हवी की भरदार. दुसरी, आंबटपणा जास्त चालेल की कमी. तिसरी, लाकडाच्या पिंपाचा, व्हॅनिलासारखा वास आवडतो की नको. ‘फ्रूटी’ हा शब्द शक्यतो टाळा. ऐकणारा त्याचा अर्थ गोड असा घेतो आणि साखर राहिलेली वाइन आणून देतो. तुम्हाला फळाचा वास असलेली पण कोरडी हवी असेल तर ‘ड्राय’ हा शब्द स्पष्ट उच्चारा. आणि पैशांचं? मोठ्याने सांगायची गरज नाही. यादीतल्या एका आकड्यावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, ‘साधारण अशातली काहीतरी सुचवा.’ सोबत कुणी असलं तरी अवघडल्यासारखं होत नाही, आणि अनुभवी वेटर इशारा बरोबर ओळखतो. एवढं करूनही त्याने यादीतलं सगळ्यांत महाग नाव पुढं केलं, तर ती जागा तुमच्यासाठी नाही.

ग्लास आला की आधी वास घ्या, मग घोट. पहिला वास महत्त्वाचा, कारण नाक काही क्षणांत सरावतं. ओला पुठ्ठा किंवा कुबट तळघरासारखा वास आला, फळ कुठंच जाणवेना, तर बुचाचा दोष आहे. टीसीए नावाच्या रसायनाने तो येतो आणि लिटरमागे दोन-चार नॅनोग्रॅम एवढ्या अंशानेही वाइनची चव मारतो. तब्येतीला त्याचा धोका नाही, पण तो ग्लास परत करणं रास्तच आहे. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत हा त्रास क्वचितच होतो, त्यामुळं तसं झाकण दिसलं की वाइन हलक्या दर्जाची असं समजू नका. जळक्या काडीचा किंवा किंचित सडक्या अंड्याचा वास आला तर मात्र थांबा. ग्लास गोल फिरवून पाच मिनिटं राहू द्या, बऱ्याचदा जातो. तळाशी बारीक काचेसारखे खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाचे क्षार, निरुपद्रवी.

परत करायचं ते पहिल्या-दुसऱ्या घोटाला. अर्धा ग्लास संपवून तक्रार केली तर कुणीच ऐकत नाही, आणि ते बरोबरच. शब्दही साधे ठेवा : ‘याला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतोय, तुम्ही एकदा बघता का?’ चांगल्या जागी तो माणूस स्वतः वास घेतो आणि वाद न घालता नवी बाटली उघडतो. बाटली मागवल्यावर घोटभर ओतून देतात तेही याच तपासणीसाठी. त्याआधी लेबल दाखवतात तेव्हा साल जुळतंय का तेवढं बघा. यादीत एक साल आणि हातात दुसरं, असं पुष्कळदा होतं. दोष नसताना नुसती आवडली नाही म्हणून बाटली परत करता येत नाही.

हल्ली बऱ्याच वाइन बारमध्ये ‘नॅचरल’ वाइन दिसतात. बाहेरून यीस्ट न घालता, वाइन टिकावी म्हणून घालतात ते सल्फाइट अगदी कमी किंवा न वापरता केलेल्या. त्या गढूळ दिसतात, कधी ताकासारख्या आंबूस लागतात. गढूळपणा हा दोष नाही. गिळल्यावर दहा-वीस सेकंदांनी उंदराच्या पिंजऱ्यासारखी, शिळ्या दाण्यांसारखी चव मागे राहत असेल तर तो मात्र दोष, आणि तो नाकाला आधी कळत नाही. म्हणून अशा ठिकाणी चवीला मागून, गिळून, थोडं थांबून मगच ग्लास सांगा. यादीत सगळ्याच अशा असतील आणि तुम्हाला ती चव रुचत नसेल, तर स्पष्ट सांगा : ‘स्वच्छ चवीची, नेहमीच्या पद्धतीची कोणती आहे?’

आता खाणं, कारण मिस्टरांची संध्याकाळ त्यावरच आहे. वाइन बारचं स्वयंपाकघर अनेकदा एका शेगडीचं आणि एका माणसाचं असतं. शहाणी जागा हे ओळखून चीज, ब्रेड, ऑलिव्ह, सॅलड, एखाद-दोन गरम पदार्थ एवढ्यावर थांबते. एका शेगडीच्या जागेत चाळीस पदार्थांचा मेन्यू असेल, तर बहुतेक सगळं आधी करून ठेवलेलं आणि फक्त गरम केलेलं. दोघांना पोटभर जेवायचं असेल तर निव्वळ वाइन बारपेक्षा वाइनची छोटी, नीट यादी ठेवणारं साधं रेस्टॉरंट बरं. तिथं मेन्यू दहा-पंधरा पदार्थांचा असावा, अधूनमधून बदलणारा असावा. आज एखादा पदार्थ संपलाय असं सांगितलं तर वाईट वाटून घेऊ नका. रोजचा माल रोज आणतात, असा त्याचा अर्थ असू शकतो.

तपासायला ब्रेड आणि सगळ्यांत साधा पदार्थ मागवा. ब्रेडचं कवच कडक आणि आतून लवचीक हवं. चीज फ्रिजमधून थेट ताटात आलं तर त्याला वास-चव नसते. ते अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवलेलं असावं लागतं. छोट्या प्लेटींच्या जागी सगळं एकदम सांगू नका. पाच प्लेटी दहा मिनिटांत टेबलावर येतात, निम्म्या गार होतात आणि ठेवायला जागा उरत नाही. दोघांत आधी दोन सांगा, त्या संपत आल्या की पुढच्या दोन. न पिणाऱ्यासाठी काय आहे, हे फोनवरच विचारा. ‘ज्यूस आणि कोला’ असं उत्तर आलं तर गोड पाण्याने जेवणाची चव जाते. आंबट, कडवट किंवा किंचित खारट असं काहीतरी तिथं बनवत असतील, तर त्या जागेने न पिणाऱ्याचाही विचार केलेला आहे. तशीच जागा निवडा.

कशाबरोबर काय, याचे नियम थोडेच आहेत. खारट आणि तळलेल्याबरोबर स्पार्कलिंग किंवा आंबट व्हाइट. तेल-लोण्याच्या पदार्थांना आंबटपणा हवा. तोंड आवळणारी, टॅनिनची (द्राक्षाच्या सालीतल्या तुरट अंशाची) रेड मांसाबरोबर किंवा कडक, मुरलेल्या चीजबरोबर मऊ लागते, पण तिखटाबरोबर तीच रेड जाळते, कारण जास्त अल्कोहोलने तिखटाची आग वाढते. तिखटाला कमी अल्कोहोलची, किंचित गोडसर रिझलिंग ही व्हाइट. आणि गोड पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन आंबट लागते.

जायचं कधी? मंगळवार ते गुरुवार, उघडल्यावरच्या पहिल्या तासात. सोमवारी बऱ्याच जागा बंद, आणि उघड्या असतात तिथं शनिवार-रविवारच्या उरलेल्या बाटल्या ओतल्या जातात. शुक्रवार-शनिवारी रात्री आठ ते दहा कुणालाच बोलायला वेळ नसतो, तेव्हा नवख्या माणसाने जाऊ नये. फोन करायचा तर दुपारचं जेवण उरकून संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या मधल्या वेळात, साधारण तीन ते पाच. टेबल मिळालं नाही तर काउंटरच्या दोन खुर्च्या मागा. पुष्कळ ठिकाणी त्या आरक्षणाशिवाय येणाऱ्यांसाठी राखून ठेवतात, आणि तिथून बाटल्या, फ्रिज, ओतण्याची पद्धत सगळं दिसतं.

शोधायचं कुठं, याला तीन वाटा. पहिली, घराजवळचं स्वतंत्र वाइनचं दुकान. एक बाटली घेताना दुकानदाराला विचारा की तो स्वतः कुठं बसतो. दुसरी आमच्या अनुभवात सगळ्यांत खात्रीची : एखादी जागा आवडली की निघताना तिथल्याच माणसाला विचारायचं, ‘सुट्टीच्या दिवशी तुम्ही कुठं जाता?’ तिसरी, नकाशावरचे अभिप्राय, पण सरासरी तारे बघून नव्हे. नव्यात नवे आधी लावा, तीन ताऱ्यांचे वाचा. ‘उत्कृष्ट’ लिहिणारा आणि ‘भयानक’ लिहिणारा दोघंही तपशील देत नाहीत, तीन तारे देणारा देतो. ग्राहकांनी टाकलेल्या ताज्या फोटोंत ग्लास कितपत भरलाय ते बघा. काठोकाठ भरलेला ग्लास फिरवताच येत नाही, त्यामुळं वास दबतो. मुख्य चौकापेक्षा मागच्या गल्लीत भाडं कमी असतं, ते पैसे मालात घालता येतात. असा भाग निवडा जिथं दोन-तीन जागा चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पहिली फसली तर संध्याकाळ फुकट जाणार नाही.

१५० मिलि, १३ टक्क्यांच्या एका ग्लासात साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल असतं. शरीर ताशी अंदाजे सात-आठ ग्रॅम पचवतं, म्हणजे एका ग्लासला दोन तास. त्यामुळं दोन ग्लासच्या संध्याकाळी गाडी मिस्टरांनीच चालवायची. प्रत्येक ग्लासमागे ग्लासभर पाणी प्या आणि उपाशीपोटी सुरुवात करू नका. बिल आलं की तीन ओळी तपासा : मागवलेला माप आणि लावलेला माप एकच आहे ना, चवीला दिलेल्या घोटाचे पैसे लावलेत का, आणि सर्व्हिस चार्ज आधीच धरलाय का. धरला असेल तर वेगळी टिप देऊ नका.